दुधी काच

वर्तमानपत्रात फोटोग्राफर म्हणून उभी हयात घालवलेल्या या माणसाला गल्लीत सगळे 'हलूनका' म्हणत. फोटो बिघडला तर दोष कायम समोरच्याचा. "तुम्ही हललात!" एवढं ऐकवून तो मोकळा. कोणी रडवेलं होऊन "हा छापू नका हो" म्हणालं, तरी दुसऱ्या दिवशी तो फोटो छापून यायचाच.

आज मात्र पाळी त्याच्याच घरावर आली होती. एकुलती एक लेक नोकरीसाठी परदेशी निघाली होती आणि परत कधी येणार हे तिचं तिलाही ठाऊक नव्हतं. मोबाइलवर तिचे ढीगभर फोटो होते, पण याच्या लेखी ते फोटोच नव्हेत. लहानपणी दर वाढदिवसाला त्याने तिला आपल्या जुन्या, विटेसारख्या जड प्रेस कॅमेऱ्याने टिपलं होतं. पुढे त्या कॅमेऱ्याच्या सुट्या फिल्मा मिळेनाशा झाल्या आणि तो कपाटावर जाऊन बसला. आता निदान एक तरी फोटो त्याच कॅमेऱ्याने काढायचा, म्हणून याने जुन्या बाजारातून रोल फिल्मचा होल्डर पैदा केला. काल कॅमेऱ्याच्या पाठीवरची दुधी काच चौकटीतून काढून पुसली, खिट्ट्यांना तेल दिलं, होल्डर पुन्हा पुन्हा लावून बघितला.

तरी धाकधूक होतीच. कामाची रीतच मुळी जीव टांगणीला लावणारी. आधी दुधी काचेत बघून चेहरा रेखीव करून घ्यायचा. मग ती काच चौकटीसकट उतरवायची, तिच्या जागी होल्डर अडकवायचा, पत्र्याची झडप ओढायची आणि मग कळ दाबायची. तोवर समोरच्याने श्वाससुद्धा बेताने घ्यायचा, कारण काच उतरली की फोटोग्राफर आंधळा.

"बाबा, टॅक्सी आलीय," खुर्चीत बसलेली लेक म्हणाली.

"येऊ दे. हलू नकोस!" मग त्याने बायकोला हाक मारली, "अगं, तूही ये की पुढे."

"मी मागेच बरी," ती लेकीच्या मागे, स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली. "तुमची खुडबुड आटपा. विमान काही तुमची वाट बघत थांबणार नाही."

सकाळपासून तीच सगळ्यांना हसवत होती. रडायचं नाही, असा तिने दोघांनाही दमच भरला होता.

दुधी काचेत लेकीचा चेहरा रेखीव करून त्याने काच उतरवली आणि होल्डर लावायला घेतला. एक खिट्टी बसेना. खालून हॉर्न वाजला. शेवटी कशीबशी ती बसली, लेकीच्या चेहऱ्यावरची नजर न काढता त्याने कळ दाबली. लेक उठली, दोघांच्या गळ्यात पडली आणि गेली.

काच परत जागेवर बसवताना त्याचं बोट तिच्या आतल्या बाजूवरून फिरलं. ती बाजू गुळगुळीत लागली. त्याने पुन्हा बोट फिरवून बघितलं. खरखरीत बाजू भिंगाकडे हवी. काल पुसून झाल्यावर त्याने काच उलटी बसवली होती! म्हणजे काचेच्या जाडीइतका सगळा अंदाज चुकला. एखाद्या नवशिक्याने ही चूक केली असती तर याने त्याचा कान पिळला असता.

न्हाणीघर बंद करून त्याने फिल्म धुतली, मग फोटोचा कागद रसायनाच्या ताटलीत बुडवला. लेकीचा चेहरा हळूहळू वर आला, पण पुसल्यासारखा. नाक, डोळे, हसू, काहीच धड नाही. तो स्टुलावर बसला आणि त्याला रडू फुटलं. मग त्याचं लक्ष मागे गेलं. रेखीवपणा लेकीला सोडून मागे सरकला होता आणि दारातली बायको केसाकेसापर्यंत स्पष्ट आली होती. मूठ तोंडावर दाबलेली आणि डोळ्यांतलं पाणी हनुवटीपर्यंत ओघळलेलं.

तो बाहेर आला.

"कशी आलीय पोर?" बायकोने विचारलं.

'ती हलली' हे शब्द जिभेवर आले होते. ते त्याने गिळले.

"काच मीच उलटी बसवली. तिचा फोटो गेला हातचा." त्याने ओला फोटो तिच्यापुढे धरला. "तू आलीयस."

तिने फोटो कडेने धरून हातात घेतला.

"हा तिला पाठवू नका हो," ती म्हणाली.

"नाही पाठवत," तो म्हणाला आणि तिच्याशेजारी जाऊन बसला.