केसाएवढी फट

व्हॉल्व्ह बनवण्याआधी त्यातून पाणी कसं वाहील, ते संगणकावर गणित मांडून पाहणं हे माझं काम. बंद व्हॉल्व्हमधून पाणी गळतंय, असं मी भर मीटिंगमध्ये पडद्यावर दाखवून मोकळा झालो. रबरी सील धातूला पुरतं टेकलं की मधल्या पाण्याला जागा उरत नाही आणि संगणकावरचं गणित कोलमडतं. म्हणून तिथे केसाएवढी फट मीच ठेवली होती, आणि साफ विसरलो होतो. पाणी तिथूनच गळत होतं.

शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या सहकाऱ्याच्या ते लगेच लक्षात आलं. आमच्या दिल्लीजवळच्या मानेसरच्या ऑफिसात मला फक्त त्याचाच हेवा वाटतो. माझ्याहून दहा वर्षांनी लहान. गणित मांडण्याआधी खरं सील हातात घेतो, नखाने दाबतो, म्हणतो, “पहले इससे पूछ लेते हैं.” आणि त्याचं गणित एका दमात सुटतं! माझं तीन-तीन दिवस अडकून बसतं.

साहेब माझ्यावर डाफरणार, एवढ्यात तो म्हणाला, “सर, वो गॅप मैंने रखवाया था.” धादांत खोटं. साहेबांनी सगळ्यांसमोर त्यालाच झापलं.

घरी येऊन मी तणतणलो, “आता चांगुलपणातही हाच पुढे!”

बायकोने शांतपणे विचारलं, “अहो, त्याला झापत होते तेव्हा तुम्ही काय बोललात?”