काकांवर मैयाची कृपा

आमच्या पेपर मिलच्या कॉलनीत असा एकही मोठा माणूस नाही, ज्याचं रक्त शेजारच्या काकांनी काढलेलं नाही. रिटायर झाल्यावर लोक भजनाला लागतात, बागेला लागतात. काका आमच्या बोटांमागे लागले. काकूंना शुगर, म्हणून लेकीने तपासायचं मशीन पाठवलं. ते काकांच्या शर्टाच्या खिशात गेलं ते कायमचं. दूधवाला असो की कुणाचा जावई, रामरामच्या आधी, "भाऊ, जरा बोट दे ना!" बहादरपूरच्या एका लग्नात तर हा बाबा मावा जिलेबीच्या कढईजवळच ठाण मांडून बसला. पंगत राहिली बाजूला, लाईन मशीनपुढे! नवरीच्या बापाची शुगर जास्त निघाली, फोटोवाल्याची निघाली, आणि जिलेबी तळणाऱ्या हलवायाची तर त्या दोघांच्याही वर. "काका, मैं तो चखता भी नहीं," तो बिचारा रडकुंडीला आला. काकांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. "टेन्शन नको घेऊ. घरोघरी हेच चालू आहे. ज्याला शुगर नाही ना, त्याने अजून तपासलेली नाही." आम्ही खो खो हसलो. पुढे आमच्याच ओळीत घरटी गोळ्यांचे डबे दिसू लागले, तेव्हा हसू आटलं.

स्वतःचं बोट मात्र काका कुणाच्या हाती देत नसत. काकू मागे लागल्या की म्हणत, "मी आयुष्यभर फिका चहा पितो. माझी काय बघायची?" झालं, विषय बंद!

दर अमावास्येला ते अनवाणी ताप्तीवर जात. भर वैशाखात राजघाटाच्या पायऱ्या अशा तापतात की आम्ही माकडासारख्या उड्या मारायचो, आणि काका तिथे निवांत उभे राहून नदीला ओंजळीने अर्घ्य देत. "मैयाची कृपा आहे, भाऊ. आजकाल पायाला काही लागतच नाही." बायका त्यांच्या पाया पडायच्या. त्या पायांना काही कळेनासं झालंय, हे एवढ्या शुगरवाल्यांच्या कॉलनीत एकाच्याही डोक्यात आलं नाही. आपलीच माणसं, काय बोलणार!

मग एक दिवस काकूंना फरशीवर रक्ताचे ठसे दिसले. काकांच्या टाचेत खिळा रुतलेला, आणि हे त्याच पायाने बाजार करून आलेले. "दुखतच नाही, तर डॉक्टरकडे कशाला?" म्हणत त्यांनी हळद लावली. जखम काळी पडली, वास सुटला, तेव्हा कुठे इंदूरला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, "यांना शुगर कधीपासून आहे?" काकू पदर तोंडाशी धरून म्हणाल्या, "यांनी गावाची पाहिली हो, स्वतःची नाही." पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

परवा भेटायला गेलो. खाटेवर चादर पांघरून काका भिंतीकडे बघत होते. माझी चाहूल लागताच म्हणाले, "होता तेव्हा कधी दुखला नाही रे. आता नाही, तर दुखतो. तळवा नुसता भाजतो. सांगू कुणाला?" चादर जिथे सपाट पडली होती तिथे मी उगाच हात फिरवत राहिलो.

"हां, तिथेच," काका म्हणाले, आणि त्यांनी डोळे मिटले.