सुया टोचायला बांगड्या काढल्या

मैत्रिणींनो, आज चिखलीला जाऊन अ‍ॅक्युपंक्चरच्या सुया टोचून घेतल्या. वर्ष झालं, झोपून उठलं तरी अंग जडच असतं आणि रक्ताच्या तपासण्या मात्र सगळ्या ठीक येतात.

डॉक्टरबाईंनी जीभ पाहिली, दोन्ही हातांची नाडी पाहिली. मनगटात सुया टोचायच्या म्हणून बांगड्या काढायला लावल्या. मग मी अर्धा तास नुसती पडून होते. इतका वेळ कोणी कामासाठी हाक मारली नाही, याचंच रडू आलं.

बांगड्या पर्समध्येच राहिल्या. घरी पोचले तर सासूबाई दारातच ओरडल्या, "हात भुंडे काऊन वं? माह्या पोराच्या जीवावर उठली का?"

वर्षभर मी भिंत धरून चालते, ते यांना दिसलं नाही. तुमच्या घरी कोणाला दिसतं का हो?