पाण्यासाठी उखाणा

बायकोला लकवा मारला तेव्हा नगरच्या डॉक्टरांनी मला एकट्यालाच आत बोलावलं आणि तिच्या मेंदूचा स्कॅन दाखवला. डाव्या बाजूला, कपाळाच्या थोडं मागे एक डाग होता. शब्द जुळवून तोंडापर्यंत आणणारा भाग तिथे असतो, असं ते म्हणाले. कानाच्या वरचा, ऐकलेलं समजून घेणारा भाग शाबूत होता.

"त्यांना सगळं कळतं. शब्द तेवढा निघत नाही. आणि एक लक्षात ठेवा. आरती, पाढे, एखादी शिवी, असं वर्षानुवर्षं घोटलेलं कधीकधी अख्खं बाहेर येतं. त्याचा रस्ता वेगळा असतो. त्यावरून बोलता येतं असं समजू नका."

मला ते नीट समजलं होतं. केडगावला माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. एक कॉइल जळाली म्हणून सगळी मोटार जळत नाही, हे मला कुणी शिकवायला नको. पण घरी येऊन मी आईला एवढंच सांगितलं, "बोलणं गेलंय. येईल हळूहळू."

तिचा उजवा हातही लुळा पडला होता. भरवणं, न्हाऊ घालणं, चादरी धुणं, सगळं आईच्या अंगावर आलं. मी दुकानात जास्त वेळ बसू लागलो.

उन्हाळ्यात तिसगावला चुलतभावाच्या मुलाचं लग्न झालं. नव्या नवरीनं उंबऱ्यावर नाव घेतलं आणि बायकांना चेव आला. माझी धाकटी बहीण बायकोच्या खुर्चीपाशी येऊन म्हणाली, "वहिनी, आता तुमी! दादा हितंच हाय, लाजू नका." बायका हसल्या. तेवढ्यात हिनं तोंड उघडलं.

"दारातल्या लिंबाखाली सावली गार दाट, ...रावांची जेवायला पाहते मी वाट."

एकही शब्द अडखळला नाही. आमच्या लग्नात घेतलेला आणि पुढे प्रत्येक कार्यात तोच म्हटलेला उखाणा होता तो. हिला स्वतःलाच इतका आनंद झाला, की ती हसत हसत रडायला लागली. पुढे काहीतरी सांगायला गेली, तर नुसतं "आ... आ..." झालं.

"म्हंजी येतंय की बोलाया!" आई सगळ्यांसमोर ओरडली. "आन् माझ्याकडून येवढे दिवस हगणं-मुतणं काढून घेतलं व्हय गं?"

"दादा, वहिनीनं लई बनवलं तुला," बहीण म्हणाली.

बायको माझ्याकडे बघत होती. मी सांगेन म्हणून. डॉक्टरांचं वाक्य मला शब्दन् शब्द आठवत होतं. मी म्हणालो, "मलाबी आजच कळलं."

त्यानंतर घरात तिला मागितल्याशिवाय पाणी मिळेना. आई ग्लास समोर धरून म्हणायची, "म्हण, पाणी." हिचा चेहरा लाल व्हायचा, ओठ वाकडे व्हायचे, गळ्याच्या शिरा फुगायच्या, आणि शेवटी बाहेर पडायचा तो उखाणाच. "नवऱ्याचं नाव घेता येतं, पाणी म्हणाया जीभ झडली का?" म्हणत आई ग्लास परत नेऊन ठेवायची. रविवारी दुकान बंद असलं की ग्लास माझ्या हातात असायचा. मीही म्हणायचो, "म्हण, पाणी." मीही परत नेऊन ठेवायचो.

ती नाटकच करतेय, असं मला वाटून घ्यायचं होतं. आजारी बायकोवर रागावता येत नाही. खोटारड्या बायकोवर येतं.

तिचे ओठ फुटले. लघवीला जळजळ सुरू झाली असणार, पण तेही ती उखाण्यातच सांगत राहिली आणि शेजारीण म्हणाली, "केवढा जीव हाय बाई नवऱ्यावर!" मग ताप चढला आणि दवाखान्यात सलाईन लावावी लागली. तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, "पाणी कमी पितात का?"

"मागतच नाही ती," मी म्हणालो.

ती पलंगावर होती. तिचे डोळे उघडे होते आणि कानाच्या वरचा तो भाग शाबूत होता.

आता मी न मागता पाणी देतो. ग्लास जवळ नेला की ती ओठ घट्ट मिटते. मग माझ्याकडे बघत आधी उखाणा म्हणते, सावकाश, माझ्या नावासकट. संपला की पिते. "म्हणू नको गं, नुसतं पी," मी कितीदा विनवलं, हातही जोडले. ती सवयीनं म्हणते की मला ऐकवायला, हे कळायला मार्ग नाही. विचारलं तरी उत्तर द्यायला तिच्याकडे तेवढंच आहे.

आतून आई ओरडते, "झालं का नाव घेऊन? का अजून लाड चाललेत?"

आईला मी अजूनही डॉक्टरांचं ते वाक्य सांगितलेलं नाही.