दिवाळीआधीचा खोकला

हे पूर्ण कुणालाच माहीत नाही. अर्धं माझ्या नवऱ्याला ठाऊक आहे, कारण त्या अर्ध्यात तो होता. उरलेलं अर्धं मी कधी तोंडातून काढलेलं नाही — आईजवळ नाही, बहिणीजवळ नाही, देवासमोर हात जोडले तेव्हाही नाही. देवाला तर मी फक्त 'बरं कर' एवढंच म्हणत आले. मग तुम्हाला का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल.

अंधेरी पश्चिमेला एका सोसायटीच्या तळमजल्यावर आमचं प्लेस्कूल होतं. दोन फ्लॅट जोडून केलेलं, भिंतींवर जिराफ आणि फुगे रंगवलेले, खिडक्या कायम बंद — एसी असतो ना. मी तिथे टीचर. शाळा शलाका मॅडमची, सगळा कारभार त्यांच्या हातात. बोलायला कडक, पण माझ्यावर मर्जी. आणि माझ्या वर्गावर मदतीला हिरामावशी.

हिरामावशी वेसाव्याच्या कोळीवाड्यातली. नवरा गेल्यावर तिनं मासळीची पाटी सुनेकडे दिली आणि आमच्याकडे लागली. पोरं आवडायची तिला, दुसरं कारण नाही. जून महिन्यात नवी मुलं आली की वर्गात नुसता आकांत असतो. आम्ही टीचर लोक गाणी म्हणून, टाळ्या वाजवून थकायचो. मावशी फक्त एकेकाला उचलायची, खांद्यावर घ्यायची आणि येरझाऱ्या घालायची. कियान नावाचा एक मुलगा तर तिच्याशिवाय कुणाकडे जायचाच नाही. दुपारी आम्ही दोघी मागच्या स्टोअररूममध्ये डबा खायचो. मी घरून भाजी-पोळी न्यायचे, तिच्याकडे सुकटाची चटणी असायची. आमच्या घरी मासे शिजत नाहीत, पण तिची चटणी मी चाटूनपुसून खायचे. छोटीशी खोली, गुडघ्याला गुडघा लागायचा.

खोकला मला दिवाळीच्या आधी सुरू झाला. मुलांकडून कागदाचे कंदील करून घेत होतो तेव्हा. आधी वाटलं धूळ, मग वाटलं हवा — मुंबईत हवेला नावं ठेवायला काय लागतं? सिरप घेतलं, काढे घेतले. वजन उतरायला लागलं. बाकीच्या टीचर म्हणाल्या, "काय गं वृंदा, कसलं डाएट करतेस, आम्हाला पण सांग ना!" आणि मला — खरं सांगते — बरं वाटलं. मी नवे कुर्ते घेतले.

मग एका सकाळी बेसिनमध्ये रक्त पडलं.

आम्ही गोरेगावच्या डॉक्टरकडे गेलो. गोरेगावच का? तिथे आम्हाला कुणी ओळखत नव्हतं म्हणून. रिपोर्ट आल्यावर डॉक्टर शांतपणे म्हणाले, "टीबी आहे. फुप्फुसाचा. बरा होतो. पण तुम्ही लहान मुलांमध्ये असता, त्यामुळे आजपासून घरी. मी सांगेपर्यंत शाळेत जायचं नाही. आणि शाळेला कळवा, मुलांना तपासायला लागेल." मी मान हलवली. अगदी शहाण्या बाईसारखी हलवली.

रिक्षात नवरा म्हणाला, "हा शब्द घरात काढायचा नाही. आईला छातीत कफ झाला म्हणून सांगू. आणि शाळेत — शाळेतही नको. गोळ्या घे, बरी होशील, विषय संपेल." त्याला दोष द्यायला मला आवडलं असतं. पण शाळेत तो जात नव्हता, मी जात होते. तोंड माझं होतं.

तसं एक वाक्य बोलायचं होतं फक्त. 'मॅडम, मला टीबी झालाय, मला काही दिवस कामावर येता येणार नाही.' हे बोलायला एवढं काय अवघड आहे? मी ते स्वयंपाक करताना म्हणून बघितलं. मेसेज टाइप केला, पुसला, परत टाइप केला. 'टीबी' ऐवजी 'इन्फेक्शन' लिहून बघितलं. प्रत्येक वेळी डोळ्यांसमोर एकच चित्र — मॅडमचा चेहरा, आणि त्या खुर्ची जराशी मागे सरकवतायत. माझ्यापासून. तेवढंच. नोकरी गेली असती का? माहीत नाही. पगाराची तशी चणचण नव्हती. मला ती मागे सरकणारी खुर्ची बघायची नव्हती. आपल्यासारख्यांच्या घरात असले आजार होत नाहीत, असं मी लहानपणापासून ऐकलं होतं. ते आजार 'त्यांना' होतात.

शेवटी गेले मी केबिनमध्ये. दार लावून घेतलं. आणि मी काही बोलायच्या आत मॅडमच म्हणाल्या, "बरं झालं आलीस. या वर्षीचं गॅदरिंग पूर्ण तुझ्यावर सोडतेय. आणि जूनपासून हेडटीचर तू. अजून कुणाला बोलू नकोस हां."

मी म्हणाले, "थँक यू, मॅडम."

"तुला काय सांगायचं होतं?"

"काही नाही — पित्ताचा त्रास होतोय. दोन दिवस सुट्टी हवी होती."

दोन दिवस घरी बसले आणि तिसऱ्या दिवशी परत वर्गात उभी राहिले. मास्क लावायचे — धुळीची ॲलर्जी सांगितली होती. पण मास्कमधून गाणं म्हटलं की मुलांना नीट ऐकू जायचं नाही. मग काढायचे. गाताना काढायचे, विचार करा.

पुढे आरोग्य खात्यातून एका बाईंचा फोन आला. पेशंटची नोंद होते, तशी माझीही झाली होती. आवाज फार प्रेमळ होता त्यांचा. गोळ्या वेळेवर घेता का, उलट्या होतात का, सगळं विचारलं. मग म्हणाल्या, "तुम्ही कुठे कामाला जाता का, ताई?"

मी म्हणाले, "नाही. घरीच असते."

"लहान मुलं कुणी जवळपास?"

"नाही."

मी तेव्हा वर्गाच्या दारातच उभी होते. आत मुलं ठोकळे पाडत होती. त्या बाईंना तो आवाज ऐकू गेला असेल का? मी तेव्हा याचीच काळजी करत होते. मुलांची नाही.

इथवरचं नवऱ्याला माहीत आहे. आता पुढचं.

गोळ्या लागू पडल्या. माझा खोकला थांबला, अंगावर मांस यायला लागलं. गॅदरिंग छान झालं. मुलांना मासे केलं होतं, मावशीला हौसेनं नऊवारी नेसवून स्टेजवर टोपली घेऊन उभं केलं होतं. सगळ्या पालकांनी तिचे फोटो काढले. आणि त्यानंतर मावशीला ताप यायला लागला. ती खोकत होती. दारातल्या चार पायऱ्या चढली की भिंतीला टेकायची. मला दिसत होतं. मला कळत होतं. माझ्याइतकं अजून कुणाला कळणार होतं तिथे? तरी मी तिला 'डॉक्टरकडे जा' एवढंही म्हणाले नाही. मी माझा डबा वर्गातच खायला लागले. काम आहे म्हणून सांगितलं.

ती आपली आपण गेली दवाखान्यात. आणि रिपोर्ट आला त्याच सकाळी शाळेत आली. आत नाही आली. दाराबाहेर, पदर तोंडावर धरून उभी राहिली आणि मॅडमना बाहेर बोलावून म्हणाली, "मॅडम, मला टीबी निघालाय. डॉक्टर बोलला काही दिवस कामाला जायचं नाय. पोरांना तपासून घ्या." बस. जे वाक्य मला जमलं नव्हतं ते ती चपलासुद्धा न काढता बोलून गेली.

मॅडमनी तिला 'बरी झालीस की बघू' म्हटलं. दार लावलं. आणि आम्हाला सगळ्यांना केबिनमध्ये बोलावलं. त्या घाबरल्या होत्या. पालक काय म्हणतील, शाळेचं नाव, सगळं एकदम बोलत होत्या. मग माझ्याकडे वळल्या.

"वृंदा, तुझ्या वर्गावर असते ती. कधीपासून खोकतेय?"

बघा — मी इथे गप्प बसू शकले असते. 'माहीत नाही' म्हणू शकले असते. 'आत्ता पंधरा-वीस दिवस' हे खरं होतं, तेही म्हणू शकले असते. कुणीही माझ्याकडे संशयानं बघत नव्हतं. पण मला अचानक भीती वाटली की आता सगळ्यांना आठवेल, याआधी खोकत कोण होतं. म्हणून मी म्हणाले —

"दिवाळीच्या आधीपासून, मॅडम. मी सांगणारच होते तुम्हाला."

माझा खोकला मी तिच्या नावावर केला. माझे महिने, माझी तारीख, सगळं तिच्या अंगावर टाकलं. आणि 'सांगणारच होते' हे वर.

"दिवाळीपासून?" मॅडमच्या तोंडचं पाणी पळालं. "एवढे महिने लपवून ठेवलं बाईनं?" कुणीतरी म्हणालं, त्या वस्तीत असंच असतं. मी मान हलवली. हो, त्यालाही हलवली.

त्या दिवसापासून ती 'टीबी लपवणारी मावशी' झाली. पालकांच्या ग्रुपवर मेसेज गेला — आमच्या एका मदतनीस बाईंनी आजार लपवला, आम्ही त्यांना तात्काळ कामावरून काढलं आहे, मुलांची तपासणी करून घ्यावी. मुलांची तपासणी झाली, ती माझ्यामुळे नव्हे, तिच्यामुळे झाली. बहुतेक मुलं ठीक निघाली. कियानच्या मानेला टीबीची गाठ निघाली. त्याला कित्येक महिने औषध घ्यावं लागलं. आणि कुणीतरी गॅदरिंगमधला तो नऊवारीतला फोटो, 'या बाईपासून सावध राहा, घरकामाला ठेवू नका' असं लिहून पुढे पाठवला. तो फिरत फिरत कोळीवाड्यात पोचला. तो मलाही आला होता. मी तो कुणाला पाठवला नाही, असं स्वतःला खूप दिवस सांगत होते. जणू ते पुण्य होतं.

ती एकदा तिची चादर आणि डबा न्यायला आली. नेमकी कियानची आई दारात होती. काय काय नाही बोलली ती बाई! "आईसारखी समजत होते तुला! माझ्या पोराला मारायला निघालीस? लाज नाही वाटली?" मी मागेच उभी होते, कियानची बॅग हातात घेऊन. मावशीला बिचारीला वाटलं असणार, खरंच आपल्यामुळेच झालं. तिनं हात जोडले. म्हणाली, "चुकलं माझं, बाई."

माझ्या आजाराची माफी तिनं मागितली. माझ्यासमोर.

मी बॅग कियानच्या आईकडे दिली आणि आत गेले. जूनमध्ये हेडटीचर झाले.

कुणी म्हणेल, तिला माझ्यामुळेच झाला कशावरून? टीबी या शहरात कुठेही होतो. डॉक्टरांनाही छातीठोक सांगता येणार नाही. मीही हे स्वतःला म्हणून बघितलंय. पण 'दिवाळीच्या आधीपासून' हे कुठल्या जंतूनं म्हटलं नव्हतं.

मागच्या वर्षी मी तिला बघितलं. वेसाव्याच्या बाजारात, मच्छीवाल्या बसतात त्या रांगेपासून जरा बाजूला, सुके बोंबील आणि करदीचं सुकट घेऊन. ओली मासळी तिच्याकडून कुणी घेईना, फोटो सगळ्यांनी बघितलेला. मी वळून निघणार तेवढ्यात तिनं हाक मारली. "वृंदाटीचर!" मी पुढे झाले तर तिनं पटकन पदर तोंडावर धरला. गोळ्या कधीच संपल्या होत्या, ती बरी झाली होती, तरी. कियान कसा आहे विचारलं. धावतो का, जेवतो का. मी म्हटलं, छान आहे. माहीत नव्हतं मला, तो केव्हाच दुसऱ्या शाळेत गेला होता. सुनेला मुलगा झाल्याचं कानावर आलं होतं, म्हणून मी तिच्या नातवाचं विचारलं. म्हणाली, "दोन वर्षांचा झाला. मी घेत नाय त्याला. लांबून बघते. परत कुणाच्या पोराला माझ्यापासून काय व्हायला नको."

मग तिनं आवाज खाली आणला.

"टीचर, तुम्ही तपासलं ना स्वतःला? माझ्यासंगती जेवायचात तुम्ही. मला लय काळजी होती."

त्या क्षणी सांगता आलं असतं. आजूबाजूला गर्दी होती, पण तिच्याजवळ कुणी नव्हतं. एका वाक्याचं काम होतं, आणि त्या वाक्यानं तिचा नातू तिच्या मांडीवर आला असता.

मी म्हणाले, "हो, तपासलं. काही निघालं नाही."

"बरं झालं," ती म्हणाली. खरोखर तिच्या जिवाला बरं वाटलं, ते मला तिच्या डोळ्यांत दिसलं.

ती अजून तिथेच बसते. माझ्या घरापासून रिक्षानं फार लांब नाही. मी त्या बाजूला जात नाही.