कागदाचं वय, किडनीचं वय

“दोन्ही किडन्या गेल्यात,” सांगलीचे डॉक्टर म्हणाले, तेही माझ्या बायकोकडं न बघता, माझ्याकडं बघून. माझं टाळकंच सटकलं. शालन समोर बसलीय, किडन्या तिच्या, मग तिला सांगा की! ती पदराशी चाळा करत होती.

पाय सुजायचे, जेवण नको व्हायचं. आम्ही सहा महिने पित्त समजून काढे पाजले. तुमच्या घरात कुणाचे पाय सुजत असतील तर आधी क्रिएटिनिन तपासा. रक्तात ही घाण किती साठलीय त्यावरून किडनीचं काम कळतं. शेजारणीचे काढे चुलीत घाला.

मग डायलिसिस, म्हणजे यंत्रातून रक्त धुऊन घेणं. त्यासाठी हातातली शीर धमनीला जोडतात, तिला फिस्टुला म्हणतात. शालनची दोनदा बंद पडली. “ट्रान्सप्लांट करा. फार दिवस थांबता येणार नाही,” डॉक्टर म्हणाले. आम्हाला मूलबाळ नाही. मी म्हणालो, माझी किडनी घ्या.

दवाखान्यात ट्रान्सप्लांटचे कागद बघणाऱ्या मॅडमनी आधार कार्ड बघून तोंड वाकडं केलं. “एकोणसत्तर? वय जास्त होतंय, आजोबा.”

आजोबा! भर वॉर्डात तिला सुनावलं. आमच्या साताऱ्याकडं पलटणीत भरती व्हायला वय कमी पडलं, तर मास्तर दाखल्यावर वाढवून द्यायचे. मला तीन वर्षं चढवली होती. खरा मी सहासष्टचा, आणि रोज पहाटे पाच किलोमीटर पळणारा.

डॉक्टरांनी शांतपणे ऐकलं. “सुभेदार, दाखल्यावरचं काय नि आईनं मोजलेलं काय, ते क्रोनॉलॉजिकल एज, कॅलेंडरचं वय. बायोलॉजिकल एज म्हणजे शरीर खरं किती झिजलंय ते. एकाच माणसाचं काळीज तरणं आणि किडनी म्हातारी असू शकते. आपण किडनीलाच विचारू.”

मी मिशीवर ताव दिला. डीटीपीए स्कॅन झालं. शिरेत औषध टोचून प्रत्येक किडनी किती गाळते ते त्यात बघतात. रिपोर्टसाठी चार दिवस बाकड्यावर काढले.

“गुडघ्यासाठी गोळ्या घेता का?” डॉक्टरांनी रिपोर्टवरून नजर न काढता विचारलं.

घेत होतो. अकरा वर्षं. पळताना गुडघा दुखायचा, म्हणून मेडिकलमधून आणलेली रोज एक पेनकिलर. शालन ओरडायची, मी तिलाच गप्प बसवायचो.

“त्या गोळ्यांनी तुमच्या किडन्या ऐंशीच्या माणसासारख्या झाल्यात. घेता येणार नाहीत.”

तरणं दिसायच्या हौसेपायी मी बायकोच्या वाट्याची किडनी खाल्ली. दुसरा शब्द नाही त्याला. रोज गोळी गिळणाऱ्यांनो, ऐकताय ना?

उरली हौसाक्का, शालनची थोरली बहीण, माण तालुक्यात मेंढरं राखणारी. तिला मी आयुष्यभर दारातच उभी केली. घरात मेंढरांचा वास सुटतो, असं तोंडावर म्हणायचो. आता तिलाच फोन लावला आणि नुसतं पाऊसपाण्याचं विचारत बसलो.

“आवं, बोला की पाव्हणं. शालीला काय झालं?”

सांगितलं. दुसऱ्या दिवशी ती एसटीनं हजर.

आक्का सत्तरीच्या पुढची. तोंडभर सुरकुत्या, दात मोजून चार. जन्मतारीख कुणालाच ठाऊक नाही, आधारवर अंदाजानं टाकलेली. डॉक्टरांनी धोका स्पष्ट सांगितला, तर म्हणाली, “धाकली हाय माजी. कापा तुमी.”

तपासण्यांत बीपी नाही, शुगर नाही, रक्तगटही जुळला. “किडनी पन्नाशीतल्या बाईची वाटते,” डॉक्टर हसले. मला आनंद व्हायला हवा होता. पण लाज वाटते सांगायला, बायको वाचणार होती आणि मी त्या म्हातारीवर जळत होतो.

ऑपरेशन टेबलावरच लघवी सुरू झाली, म्हणजे नव्या किडनीनं काम धरलं. चौथ्या दिवशी शालननं भाकरी मागितली. मी बाहेर येऊन ढसाढसा रडलो.

मग आक्काच्या खाटेपाशी गेलो आणि तिच्या पायांशी वाकलो. तिनं पाय ओढून घेतले.

“ऱ्हाऊ द्या पाव्हणं. किडनी शालीला दिलीया. तुमाला माफी न्हाई दिली अजून.”

अजून म्हणाली. तेवढ्यावर मी दिवस काढतोय.