गेटवर ओळखीचं कोणीतरी

मी कोल्हापूर सोडलं त्या दिवशी फुटबॉलची फायनल होती. आण्णा, म्हणजे माझे वडील, मला मुंबईच्या गाडीत बसवायला स्टँडवर आले खरे, पण त्यांचं अर्धं लक्ष स्टेडियमकडे. शिवाजी पेठेची टीम खेळतेय आणि आण्णा तिथे नाहीत, असं कधी झालं नव्हतं. आईने दशम्यांचा डबा हातात दिला आणि पदराने डोळे पुसले. आण्णा घड्याळ बघत होते. गाडी हलल्यावर मात्र खिडकीबरोबर चालत म्हणाले, "पेठ सोडून माणूस ऱ्हातंय व्हय?" मी काही बोलायच्या आत वळून मॅचला चालते झाले. कराड येईपर्यंत मी धुसफुसत होते.

अमेरिकेत, डेन्व्हरला, नोकरी चांगली होती, बर्फ भरपूर होता आणि शनिवार-रविवार खायला उठायचे. ऑफिसातल्या एकीला माझी कीव आली असावी. ती मला एका रॉक बँडच्या कॉन्सर्टला घेऊन गेली. त्यांनी एक गाणं सुरू केलं ते अर्धा तास संपेना. गिटारवाला कुठेतरी भरकटायचा, ड्रमवाला त्याच्या मागे, आणि आता हे हरवले असं वाटेपर्यंत सगळे बरोबर मूळ चालीवर परत यायचे. मी तोंड उघडं टाकून बघत राहिले. दुसऱ्या गावी तेच गाणं वेगळं वाजतं असं कोणी म्हणालं, म्हणून खात्री करायला दुसऱ्या गावी गेले. मग तिसऱ्या. पेठेत राहिलेल्या मैत्रिणींनो आणि माझ्यासारख्या देशोधडीला लागलेल्यांनो, हसा, पण गेली कितीतरी वर्षं माझी प्रत्येक रजा या बँडमागे गेली आहे. आण्णांना फोनवर सांगितलं तर म्हणाले, "एकच गानं अर्धा तास? त्यास्नी संपवाय येत न्हाय काय?" स्वतः मात्र त्यांनी पेठेच्या टीममागे पावसात, उन्हात जन्म काढला होता.

मध्ये आई गेली. मी पोचले तेव्हा सगळं उरकलं होतं. त्यानंतर मी आण्णांना माझ्याकडे या म्हणून किती विनवलं, पण उत्तर तेच, पेठ सोडून माणूस राहतं का. आणि एके दिवशी अचानक कळवलं की उन्हाळ्यात येतो. चुलतभावाने फोन करून मला आधीच सावध केलं, "आण्णा तुला न्यायला येत्यात बघ. एकटं हुईना झालंय त्यांच्यानं."

मी आठवडाभर विचार केला. लग्न मोडून जमाना झाला होता, मूलबाळ नाही, नोकरी कुठूनही करता येण्यासारखी. त्यांनी 'चल' म्हटलं की 'येते' म्हणायचं, असं मी ठरवून टाकलं. फक्त जाण्यापूर्वी एक कॉन्सर्ट त्यांनी माझ्याबरोबर बघावी एवढीच इच्छा होती. डोंगरात, उघड्यावर, अगदी पुढची दोन तिकिटं काढली.

आमच्या या बँडची जत्रा दुपारीच पार्किंगमध्ये भरते. लोक गाड्यांच्या मागे चुली मांडतात, खायचं विकतात. ज्यांच्याकडे तिकीट नसतं ते एक बोट वर करून हिंडतात, कोणाकडे जादा असेल तर द्या म्हणून. त्या दिवशी आण्णांना तिथे नेऊन हे सगळं समजावलं, त्यांच्या हातात त्यांचं तिकीट दिलं आणि पाणी आणायला गेले. परत आले तर आण्णा निवांत उभे, आणि हात रिकामे.

"तिकीट कुठंय?"

"दिलं की त्या म्हाताऱ्याला. बिचारा बोट वर करून उभा हुता."

"अहो आण्णा, मग तुम्ही आत कसं जाणार?"

"गेटवर कोन तरी वळखीचं असतंयच की."

मी हसावं की रडावं? कोल्हापुरात आण्णांनी तिकीट हातात धरून स्टेडियमचं गेट कधी ओलांडलंच नव्हतं. गेटवर कोणाचा तरी भाचा, कोणाचा तरी जावई असायचाच. ते तडक गेटवर गेले, तिथल्या धिप्पाड गोऱ्या रखवालदाराच्या खांद्यावर हात ठेवला आणि मराठीत म्हणाले, "पावणं, पोरगी हाय माझी ही. सोडा की." त्याने अदबीने मान हलवली आणि त्यांना बाजूला केलं. तिकिटं तर महिन्यापूर्वीच संपली होती. आण्णांनी एकदा त्या गर्दीकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं. त्यांचा चेहरा एवढा हबकलेला मी आईच्या वेळीही पाहिला नव्हता.

"एवढ्या मानसांत एक बी वळखीचा न्हाय?" ते म्हणाले.

मी आत जायचं नाही म्हणून हटून बसले, तर आण्णा भडकले. शेवटी मार्था मध्ये पडली. ती चीज सँडविच विकते, प्रत्येक गावी तिचा तवा असतो, आणि मला वर्षानुवर्षं ओळखते. तिने आण्णांना गेटपाशी खुर्ची मांडून दिली आणि मला हाताने आत ढकललं. माझ्या शेजारच्या खुर्चीत आण्णांचा म्हातारा बसला होता. पांढरी दाढी, डोळ्यांतून घळाघळा पाणी. तुझ्या वडिलांना माझे आभार सांग, असं तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. समोर माझं सगळ्यात आवडतं गाणं चाललं होतं आणि मला त्यातलं अक्षरही ऐकू येत नव्हतं. मध्यंतर होताच बाहेर पळाले, परत आत सोडत नाहीत हे माहीत असूनही.

गेटपाशी आण्णांची खुर्ची रिकामी होती. त्यांना इंग्रजी येत नाही, त्यांचा फोन माझ्याच पर्समध्ये, आणि चहूकडे हजारो गाड्या. मी ओरडत धावले. मार्थाच्या गाडीपाशी घोळका दिसला म्हणून आत घुसले, तर मधोमध आण्णा. कमरेला मार्थाचा एप्रन बांधून तव्यावर पाव उलटत होते. घरून माझ्यासाठी आणलेली कांदा-लसूण चटणी पिशवीतून काढून त्यांनी चीजवर थापली होती. लोक तिखटाने हाशहुश करत खात होते आणि पुन्हा रांगेत उभे राहत होते.

"पाय मोडलता तुझा," आण्णा तव्यावरची नजर न काढता म्हणाले. "सांगितलं न्हाईस."

मार्थाने त्यांना फोनवरचे फोटो दाखवले होते. प्लास्टरमधला माझा पाय, त्यावर सगळ्यांच्या सह्या. माझे वाढदिवस. आई गेली तेव्हा मला विमानतळावर सोडायला आलेली ही सगळी मंडळी.

मग आम्ही दोघं गाडीच्या मागच्या फळीवर बसलो. भिंतीपलीकडून गाणं येत होतं. आता विचारतील, म्हणून मी 'येते' हा शब्द अगदी ओठांवर घेऊन बसले होते. आण्णांनी एप्रनला हात पुसले.

"मी तुला न्ह्यायला आलतो," ते म्हणाले. "पर नगं. पेठ सोडून माणूस ऱ्हात न्हाय. ही तुझी पेठ हाय. येऊ नगंस."

मी बधिर झाले. इतकी वर्षं हा माणूस पेठ सोडू नये म्हणतो म्हणून मी त्याच्यावर रागावत आले होते, आणि आज त्याने मला सोडून दिलं. आनंद व्हायला हवा होता, पण मला कोणी घराबाहेर काढल्यासारखं वाटलं. मी म्हटलं, "आणि तुमचं एकट्याचं काय?" ते म्हणाले, "एकटा कशानं? मॅच असती की." आणि विषय संपला. ते एकटेच परत गेले.

या हिवाळ्यात मी कोल्हापूरला गेले. आण्णा आता काठी टेकत चालतात, पण मॅच चुकवत नाहीत. मला घेऊन स्टेडियमच्या गेटवर गेले. तिथे नवाच कोणीतरी पोरगेलासा माणूस होता. त्याने आण्णांना हात केला आणि मला अडवलं. "हे पावणं कोन, आण्णा?"

माझं घर तिथून हाकेच्या अंतरावर. मी त्या गेटसमोर सायकल शिकले.

"पोरगी हाय माझी," आण्णा म्हणाले. "तिकडं तिच्या पेठेत असती. सोड आत."

त्याने बाजूला होऊन वाट दिली. आत हलगी कडाडत होती. मी आण्णांच्या शर्टाचं टोक धरलं, लहानपणी गर्दीत धरायचे तसं, आणि त्यांच्या मागोमाग आत गेले. त्या गेटवर मला ओळखणारं माणूस आता ते एकच उरलं आहे.